जिवावरचं डोळ्यांवर

"असा ब्रेक मारतात? मागचा येऊन आदळला असता म्हणजे?" ब्रेकताई खेकसली.

गाडी चौकाच्या अलीकडे गचका खाऊन बंद पडली होती. चालकाच्या जागेवर बसलेली बँकवाली स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरून समोर पाहत राहिली. मागे कुणीतरी हॉर्न वाजवायला सुरुवात केली होती.

"तुला विचारतेय मी. रस्ता मोकळा, सिग्नल हिरवा, आणि तू एकदम उभीच राहतेस ब्रेकवर. का?"

"ताई, तो सायकलवाला."

"कुठला सायकलवाला?"

"हा काय. तुमच्याच बाजूनं आला की."

ब्रेकताईने मान वळवली. तिच्या दारापासून हातभर अंतरावर एक म्हातारा सायकलीवरून एक पाय खाली टेकवून उभा होता. एक तळवा बॉनेटवर ठेवलेला, जणू गाडी त्यानेच हाताने थोपवली होती. तो काहीतरी बडबडत होता, बहुधा शिव्याच असाव्यात. ब्रेकताईने मान सरळ केली आणि म्हातारा नाहीसा झाला. पुन्हा वळवली, तर होता तिथेच.

तिच्या पायाखाली दुसरा ब्रेक होता. शिकवणीच्या गाड्यांना असतो तसा, खास शिकवणाऱ्यासाठी बसवलेला. तिचा पाय त्यावर होताही. पण जो दिसलाच नाही त्याच्यासाठी पाय दाबणार कसा?

"गाडी बाजूला घे," ती म्हणाली.

"चुकलं का माझं?"

"नाही. तुझं बरोबर होतं."

बँकवाली कितीतरी महिने तिच्याकडे अडखळत शिकत होती, एकदा परीक्षेत नापासही झाली होती. पण हे वाक्य तिने या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ओरडा खायची तिला सवय होती, या वाक्याची नव्हती.

"आता असं कर," ब्रेकताई म्हणाली, "मला माझ्या घरी सोड. गाडी दारात लाव. आणि उद्यापासून येऊ नकोस."

ब्रेकताई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तिची मोटार शिकवायची शाळा होती. शाळा कसली, एक गाडी आणि एक मास्तरीण. शिकायला येत त्या बहुतेक बायकाच. दुसऱ्या ठिकाणी गोड बोलण्याला फसलेल्या, घरी नवऱ्याने शिकवताना रडवलेल्या. त्यातल्याच कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. तिच्या जिभेला हाड नव्हतं. "आरशात बघ म्हटलं ते मागच्याला, स्वतःला नव्हे." "गिअर आहे तो, मुसळ नव्हे." कुणी रडकुंडीला आली तर म्हणे, "उद्या नवरा शेजारी बसून बोंबलेल तेव्हा काय करशील? आत्ताच सवय करून घे." बायका तणतणत घरी जात आणि दुसऱ्या दिवशी हजर होत. पुढे आपल्या मुलींनाही तिच्याकडेच पाठवत.

लग्न तिने केलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर म्हणायची, "दिवसभर दुसऱ्याच्या शेजारी जीव मुठीत धरून बसते. घरी जाऊन पुन्हा तेच कशाला?" धाकट्या भावाच्या घरातली वरची खोली तिची. खाली भाऊ आणि भावजय. दोघांनाही गाडी तिनेच शिकवलेली, त्यामुळे दोघंही तिला वचकून.

दुखणं सुरू झालं ते मानेपासून. मागे वळून गाडी मागे घेताना मानेत काहीतरी आडवं येऊ लागलं. हाताला लागली ती गाठ. तपासण्यांवर तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी नाव सांगितलं, लिम्फोमा. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. औषधाच्या बाटल्या हातातून अंगात उतरत राहिल्या, केस गेले, भुवया गेल्या, तोंडाची चव गेली. दोन बाटल्यांच्या मधल्या बऱ्या दिवसांत ती डोक्याला रुमाल बांधून शिकवायला जायची. सगळं संपलं तेव्हा कॅन्सरच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोगाचा मागमूस नाही, आता तुम्ही मोकळ्या. केस परत आले ते कुरळे. ब्रेकताई त्या कुरळ्या केसांवर बेहद्द खूश होती. सगळ्यांना सांगे, "एवढ्याचसाठी गेले होते मी इस्पितळात."

मग डाव्या डोळ्यापुढे ठिपके तरंगू लागले. काचेवर चिलटं बसावीत तसे. वायपर फिरवावा आणि ती जाऊ नयेत. पुढे धुरकट दिसायला लागलं. ती जवळच्याच एका नेत्रतज्ज्ञाकडे गेली. दवाखान्यात ही गर्दी. खुर्चीत बसल्या बसल्या तिने पहिलं वाक्य सांगितलं ते हेच, "डॉक्टर, मला लिम्फोमा होऊन गेलाय."

"हं," डॉक्टर म्हणाले. "वर बघा."

डोळ्याच्या आत सूज आहे, असं त्यांनी सांगितलं. थेंब दिले. थेंबांनी आठवड्यात काच पुसल्यासारखं लख्ख झालं आणि ब्रेकताईने चार जणींना त्या डॉक्टरचं नाव सुचवलं. थेंब थांबले तसा धूर परत आला. पुन्हा थेंब. पुन्हा लख्ख, पण पहिल्याइतकं नाही. तिसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, वय झालं की हे चालायचंच, जरा चिकाटी लागते. ती चिकाटीने थेंब घालत राहिली आणि शिकवत राहिली. एका डोळ्याने काय अडतं, दुसरा आहे की, असं तिने स्वतःला पटवलं होतं. सायकलवाल्याच्या दिवसापर्यंत.

त्याच संध्याकाळी तिने भावाला बोलावून सांगितलं, "उद्या मला कॅन्सरच्या इस्पितळात ने. तू चालव."

भाऊ उडालाच. ताई शेजारी बसून त्याला चालवू देणार, हे शिकवणी संपल्यापासून पहिल्यांदाच घडत होतं.

त्या इस्पितळात डोळ्यात सुई घालून आतलं पाणी काढलं, मोठ्या यंत्रात डोकं घालून फोटो काढले, पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासलं. लिम्फोमा गेलाच नव्हता. मानेतून गेला होता आणि डोळ्यांत जाऊन बसला होता, तिथून डोळ्यांच्या मागच्या नसांत. थेंबांनी वरची सूज ओसरत होती, आणि सुजेच्या आड तो निवांत हातपाय पसरत होता.

पुन्हा बाटल्या, डोळ्यांत इंजेक्शनं, डोक्याला किरणं. त्या सगळ्या काळात तिला सर्वांत जास्त चीड कशाची आली असेल तर तिला वगळून बोलण्याची. "त्यांना सांगा डोळे मिटू नका म्हणून," यंत्रावरचा माणूस भावाला म्हणाला.

"मला कान आहेत," ब्रेकताई म्हणाली. "ते अजून तुमच्या हातात आले नाहीत."

उपचार चालू असतानाच डावा डोळा गेला. उजवा हळूहळू गेला, गल्लीतले दिवे एकेक करून मालवत जावेत तसा. शेवटी डाव्यात ठार अंधार आणि उजव्यात, उजेडाकडे तोंड केलं तर, मळकट राखाडी काहीतरी उरलं. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या.

"रोग आटोक्यात आलाय. नजर परत येणार नाही. नस एकदा मेली की मेली."

"आधी कळलं असतं तर?"

भावाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला.

"आधी कळलं असतं तर एक डोळा थोडाफार वाचला असता, कदाचित," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण खात्री मी देणार नाही. दिली तर खोटं होईल."

नाहीच म्हटलं असतं तर ती रडून मोकळी झाली असती. हो म्हटलं असतं तर कुणाचा तरी गळा धरता आला असता. हे 'कदाचित' मात्र गिळता येईना, थुंकता येईना.

ती घरी आली आणि माणसांची रीघ लागली. फळं घेऊन येत, हळू आवाजात बोलत, ती बहिरी झाल्यासारखी भावजयीला विचारत, "जेवतात का नीट?" प्रत्येकाच्या ओळखीत कुणीतरी आंधळा होता आणि तो गाणं शिकला होता. प्रत्येकाने तिला सकारात्मक राहायला सांगितलं. ब्रेकताई दात आवळून बसायची. रागाने तिच्या मानेच्या शिरा तटतटायच्या, आणि पाहुणे बाहेर जाऊन म्हणायचे, फार शांतपणे घेतलंय हो त्यांनी.

मग मोठे मामा आले. आईच्या मागे घरातलं वडीलधारं माणूस म्हणजे तेच. काठी आपटत खुर्चीत बसले, चहा मागितला, दोन दुःखाचे सुस्कारे टाकले आणि म्हणाले, "काय आहे, पोरी, जिवावरचं डोळ्यांवर निभावलं, असं समजायचं."

"काय म्हणालात?"

"म्हण नाही का आपल्यात, जिवावरचं शेपटावर निभावलं? तसं. जीव वाचला हे काय थोडं झालं?"

भावजयीने हातातली कपबशी खाली ठेवली. आता काय होणार याची तिला कल्पना होती.

"मामा, शेपूट तुटलं तर जनावर चरायला जातं," ब्रेकताई म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "माझे डोळे म्हणजे शेपूट होतं का? त्या डोळ्यांवर मी जेवत होते. त्या डोळ्यांनी मी तुमच्या सुनेला गाडी शिकवली, ती आज तुम्हाला इथं घेऊन आली. ती बाहेर गाडीत बसली असेल. तिला जाऊन सांगा, शेपूट म्हणून."

"अगं, मी तुझ्या भल्यासाठी..."

"तुमचा जीव ठणठणीत आहे, मामा. त्याच्यावर काही बेतलेलं नाही. तरी डोळे द्याल का काढून, अगोदरच निभावलेलं बरं म्हणून? नाही ना? मग उठा."

मामा उठले. काठी शोधताना खुर्चीला अडखळले. दारापर्यंत त्यांना सोडून भाऊ परत आला तो लालबुंद होऊन.

"मोठ्या माणसांशी असं बोलतात, ताई?"

"मोठ्या माणसांनी असं बोलावं?"

"त्यांचं वय बघ."

"नाही दिसत," ब्रेकताई म्हणाली.

त्या दिवसापासून पाहुणे आटले. घरातली माणसंही जपून बोलू लागली. भावजय तर 'बघा' हा शब्दच बोलेना. "हे बघा ना, ताई," म्हणायला जायची आणि 'हे' म्हणूनच थांबायची. असं आठ-दहा वेळा झालं तेव्हा ब्रेकताई कडाडली, "बघा म्हण. खुशाल म्हण. तुझ्या एका शब्दानं माझं आता काय जायचं राहिलंय?"

भावजय रडायला लागली. ब्रेकताईने तिला रडू दिलं. समजूत काढायला तिच्याकडे काही शिल्लक नव्हतं. बऱ्याच वेळाने भावजय नाक ओढत म्हणाली, "बघा, चहा गार झाला." आणि दोघींनी तो तसाच गार प्यायला.

शिकणाऱ्या बायकांपैकी कुणालाही तिने घरी येऊ दिलं नव्हतं. फोन आला तर भावजय सांगे, झोपल्यात. बँकवाली मात्र फोन न करताच आली. जिना चढून थेट वरच्या खोलीत.

"कोण?"

"मी, ताई. बँकवाली. मी पास झाले, तेवढंच सांगायला आले."

"कुणाकडे शिकलीस?"

"तुमच्याकडेच. परीक्षेला गाडी तेवढी दुसऱ्याची होती."

बँकवाली पलंगाच्या कडेला बसली. डोळ्यांबद्दल तिने चौकशी केली नाही, की आंधळ्या गवयाची गोष्टही सांगितली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मी त्या दिवशी ब्रेक मारला, तेव्हा तुम्ही इतक्या ओरडलात. आणि नंतर एकदम गप्प झालात. मला रात्रभर वाटत होतं, माझंच काहीतरी चुकलं. मग तुमच्या भावाकडून सगळं कळलं. ताई, तुम्ही त्या डोळ्यांच्या डॉक्टरांना लिम्फोमाचं सांगितलं नव्हतं का?"

"तुला कोण म्हणालं, नव्हतं सांगितलं?"

"सगळे म्हणतात. की तुम्ही लपवलं असणार. काम बंद पडू नये म्हणून."

खाली भांडं घासल्याचा आवाज येत होता. ब्रेकताई दोन्ही हातांनी पलंगाची कड धरून बसली होती.

"सगळे म्हणजे माझा भाऊही?"

बँकवाली पलंगावरून उठली, त्यातच उत्तर आलं.

"चल," ब्रेकताई उठली. "मला एके ठिकाणी सोड. माझी गाडी आहे दारात."

जिना ती कठड्याला धरून उतरली. दंड धरायला आलेला भावजयीचा हात तिने बाजूला सारला. गाडीचं दार तिने स्वतः उघडलं, शेजारच्या सीटवर बसली, आणि सवयीने तिचा पाय पुढे गेला. पायाला चटईशिवाय काही लागलं नाही. तिने वाकून हाताने चाचपलं. ब्रेक नव्हता. क्लच नव्हता. गुळगुळीत नवी चटई तेवढी.

"भाऊ कुठाय?"

भाऊ मागेच येऊन उभा राहिला होता.

"ताई, गॅरेजवाल्याकडून काढून घेतले. आता त्यांचं काय काम? गाडी घरच्यासाठीच..."

"गाडी कुणाची?"

"तुझी."

"मला विचारलंस?"

"नाही."

"मी लपवलं, असं लोकांना सांगताना मला विचारलंस?"

मग जे झालं ते तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तो गाडीच्या टपावर हात टेकून हुंदके देऊ लागला. एवढा बाप्या माणूस, रस्त्यावर.

"मला रोज ते ब्रेक दिसायचे," तो म्हणाला. "गाडीत बसलो की तुझ्या पायाशी. मला बघवत नव्हतं, ताई. म्हणून काढले. आणि लोकांना काय सांगू? सांगितलेलं असून डॉक्टरनं दुर्लक्ष केलं, असं म्हटलं तर मग मी काय करत होतो? मी तिथं जाऊन त्याची कॉलर का नाही धरली? तू लपवलंस म्हटलं की सगळं मिटत होतं."

"तुझं मिटत होतं."

"हो."

ब्रेकताईला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती, आणि त्याच हाताने लहानपणी पुसायची तसे त्याचे डोळेही पुसावेसे वाटत होते. तिने दोन्हीतलं काहीच केलं नाही.

"टपावरून हात काढ," ती म्हणाली. "पुढे जायचंय आम्हाला."

नेत्रतज्ज्ञाच्या दवाखान्यात तीच गर्दी होती. तोच स्पिरिटचा वास, तोच पंख्याचा खडखडाट. बँकवालीने तिला टेबलापाशी नेलं.

"अपॉइंटमेंट आहे?" टेबलावरच्या मुलीने विचारलं.

"नाही. आत सांगा, लिम्फोमावाली आलीय."

बाकांवरची कुजबुज थांबली. मुलगी आत गेली आणि लगेच बाहेर आली. "या," ती म्हणाली, आणि तिचा आवाज उतरलेला होता.

डॉक्टर उठून उभे राहिले असावेत. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. "बसा, बसा. मला कळलं सगळं. फार वाईट वाटलं."

"कुणाकडून कळलं?"

"तिथल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. मागेच."

"मग तुमचा फोन मला का नाही आला?"

पंखा खडखडत राहिला. बँकवाली दाराशी उभी होती, तिला बाहेर जावं की थांबावं कळत नव्हतं.

"हे पाहा," डॉक्टर म्हणाले, "असा रुग्ण आमच्या अख्ख्या कारकिर्दीत एखाददुसराच येतो. दिसायला अगदी साध्या सुजेसारखंच दिसतं. थेंबांनी बरंही वाटतं. चांगले चांगले फसतात. शिवाय पूर्वीच्या आजाराची स्पष्ट कल्पना जर दिलेली..."

"दिली होती."

"म्हणजे, स्पष्टपणे..."

"खुर्चीत बसले आणि पहिलं वाक्य तेच बोलले. मला लिम्फोमा होऊन गेलाय. तुम्ही 'हं' म्हणालात. मग म्हणालात, वर बघा. मी वर बघितलं. त्या 'हं'चं पुढे काय झालं, ते विचारायला आलेय मी."

ती थांबली. तिथे तिसरं कुणी नव्हतं तेव्हा. हा माणूस आता म्हणेल, मला आठवत नाही. म्हणेल, तुमचा गैरसमज झाला असेल. त्यावर काय बोलायचं ते तिने गाडीत जुळवून ठेवलं होतं, एकेक शब्द परजून. बाहेरच्या बाकांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचं होतं तिला.

"मला आठवतं," डॉक्टर म्हणाले.

ब्रेकताईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. बाहेर गर्दी होती, सूज समोर दिसत होती, थेंब हाताशी होते. दुसऱ्या खेपेला तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं. तिसऱ्या खेपेला आलंही होतं, ओझरतं. मी म्हटलं, बघू पुढच्या वेळी." ते खुर्चीत बसल्याचा आवाज आला. "आता जे म्हणालो, की तुम्ही कल्पना दिली नसेल, ते मी सगळ्यांना सांगत आलोय. स्वतःलाही."

भिंतीला धडक द्यायला जीव खाऊन धावावं आणि भिंतीच्या जागी उघडं दार निघावं, तशी ती तोंडघशी पडता पडता राहिली. परजलेले शब्द हातातच राहिले. तिला वाटलं होतं, याने कबूल केलं की राग उतरेल. तो उतरला नाही. उलट आता तर त्याला पाय ठेवायला पक्की जागा मिळाली होती.

"मी तुम्हाला माफ करायला आलेली नाही," ती म्हणाली.

"मी तसं मागत नाही."

"मागूही नका. मी चौघींना तुमचं नाव सुचवलंय. त्यातली कुणी येईल आणि काही सांगेल. तेव्हा 'हं' म्हणू नका."

"नाही म्हणणार."

बोलायचं ते संपलं होतं. बँकवाली पुढे आली आणि तिने ब्रेकताईच्या कोपराला हलकेच स्पर्श केला. ब्रेकताई उठली नाही.

"माझे डोळे बघा," ती म्हणाली.

"अं?"

"माझे डोळे तपासा. यंत्र आहे ना तुमचं?"

"आता त्याचा तसा काही..."

"उपयोग नाही, ते मला माहीत आहे. तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी बघा. सगळं करून बघा, काहीही न वगळता. आणि जे दिसेल ते मला सांगा. मला, हिला नाही."

डॉक्टरांनी दिवे मालवले असावेत, कारण तिच्या उजव्या डोळ्यातलं मळकट राखाडी एकदम काळं झालं. यंत्र सरकत जवळ आलं. तिने हनुवटी गार पट्टीवर टेकवली, कपाळ पुढे दाबलं. कडेला कुठेतरी उजेड लागला. तो दिसला म्हणण्यापेक्षा उमटला. डॉक्टरांचा श्वास तिला अगदी समोर ऐकू येत होता. मागच्या तिन्ही खेपांना तो एवढा वेळ एका जागी टिकला नव्हता.

"पुढचा भाग स्वच्छ आहे," ते म्हणाले. "बाहुली उजेडाला फार मंद प्रतिसाद देतेय. आतला धूर, तो आता नाही. तो गेलाय."

"पुढे."

"पडद्यावर डाग आहेत. फिकट, पिवळट. कडेला जास्त. किरणांनी आणि औषधांनी भरून आलेल्या जखमा असतात तसे."

"पुढे."

"नस." ते थांबले. "चांगली असते तेव्हा तिचं टोक गुलाबी-नारिंगी दिसतं. ही पांढरी आहे. पूर्ण. खडूसारखी."

"आता डावा."

यंत्र सरकलं. डाव्या बाजूला उजेड पडला असेल तर तिला कळला नाही. पण त्या प्रखर दिव्याने म्हणा किंवा कशाने म्हणा, डोळ्याला पाणी सुटलं. ते गालावरून ओघळून हनुवटीच्या पट्टीवर जमू लागलं.

डॉक्टरांनी तिच्या हातात कापूस ठेवला. "त्रास होतोय. थांबू का जरा?"

"पूर्ण बघा," ब्रेकताई म्हणाली. कापूस तिने मुठीत तसाच धरला, आणि पापणी मिटू नये म्हणून दुसऱ्या हाताच्या बोटांनी ती वर उचलून धरली.